चिंचेखालचा कोपरा

माझ्या बायकोला खारट भाजी चालते, विसराळू नवराही तिने वीस वर्षं चालवून घेतला आहे. चुकलेली मोजणी मात्र तिला चालत नाही. सुनीती सरकारी भूमापक आहे. आम्ही राहतो नालवाडीला, आणि तिची कामं देवळीकडच्या गावांत. मे महिन्यात माझ्या शाळेला सुट्टी आणि तिची स्कूटी पंक्चर, म्हणून त्या दिवशी मी तिचा ड्रायव्हर झालो.

पंधरा दिवसांपूर्वी तिने विमलाबाई आणि तानबा यांच्या शेतांमधला धुरा, म्हणजे हद्दीचा बांध, मोजला होता. कोपऱ्याचा दगड कुठे गेला ते कोणालाच ठाऊक नव्हतं. कोपरा विसरू नये म्हणून जुन्या लोकांनी तिथे चिंच लावलेली. चिंच एवढी माजली की दगडच गडप झाला. उपग्रहांवरून जागा दाखवणाऱ्या रोव्हरने चिंचेखाली जागा पक्की असल्याचं सांगितलं, सुनीतीने तिथे खुंटी ठोकली, आणि विमलाबाईची विहीर तानबाच्या हद्दीत गेली. बाईने ते मानून घेतलं. मशीनशी कोण भांडणार?

घरी नकाशा तपासताना सुनीतीला दिसलं, की त्या खुंटीपासून तानबाच्या पलीकडच्या दगडापर्यंतचं अंतर जुन्या नकाशापेक्षा तीनेक फूट जास्त भरतंय. मोजणीवर सही अजून व्हायची होती, कोणाची तक्रार नव्हती. गप्प बसली असती तर खपूनही गेलं असतं. मी तसं सुचवलंही. त्यावर तिने माझ्याकडे असं पाहिलं, की मी गुपचूप गाडीची चावी घेतली.

आम्ही पोचलो तेव्हा विमलाबाई रिकामी बादली घेऊन विहिरीवर उभी होती. "तानबाभाऊ, पाणी घेऊ का?" तिने हाक मारली. गोठ्यातून होकार आल्यावरच तिने दोर सोडला. ती विहीर तिने आणि तिच्या नवऱ्याने स्वतः खणली होती. मला लाज वाटली, सुनीतीची तर मानच खाली गेली.

मग ती मान वर झाली. दोघांना बोलावून तिने स्पष्ट सांगितलं, "मशीन खोटी नाई. मीच तिले चुकीच्या जागी उभं केलतं." झाडाखाली पानं अर्धे उपग्रह झाकतात, तिने समजावलं, उरलेल्यांचे संकेत तानबाच्या गोठ्याच्या पत्र्यावर आपटून लांबचा फेरा मारून येतात, आणि रोव्हर तो फेराच खरं अंतर धरून बसतो.

तानबाने तोंड वाकडं केलं. नव्या हद्दीवर घालायला त्याने कुंपणाची तार आणून ठेवलेली होती. "मंग आज बरोबर येईन, हे मी काऊन मानू?"

"मानू नका. टेप तुमीच धरा."

तिने यंत्र झाडाखाली नेलंच नाही. मोकळ्या शेतात तीन जागा निवडल्या. प्रत्येक जागा तासाभराच्या अंतराने दोनदा मोजली. तेवढ्या वेळात आभाळातले उपग्रह सरकतात आणि चूक असली तर उघडी पडते. मग नकाशावरून हिशेब करून प्रत्येक जागेपासून कोपरा किती लांब असायला हवा ते काढलं. टेपचं टोक धरून तानबाने जमिनीवर एक कमान ओढली, मग दुसऱ्या जागेवरून दुसरी. दोन्हींनी जिथे एकमेकींना छेदलं, तिथूनच तिसरीही गेली. ती जागा खुंटीपासून सव्वातीन फूट तानबाच्या बाजूला होती.

"खोदा," सुनीती म्हणाली, आणि इतक्या खात्रीने म्हणाली की मीच घाबरलो.

तानबाने कुदळ घेतली. दीड फुटावर, मुळांच्या वेटोळ्यात, दगड लागला. त्यावर छिन्नीने कोरलेली जुनी फुली होती. तो बराच वेळ त्या फुलीवरून बोट फिरवत बसला. मग खुंटी त्यानेच उपटली.

ऊन चढलं होतं. घामाघूम झालेला तानबा विहिरीवर गेला, बादली उचलली आणि थांबला.

"वहिनी," त्याने विचारलं, "पाणी घेऊ का?"