शिकवायला शिकवणारे घंटीसर

आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या गृहस्थांना विद्यापीठात सगळे घंटीसर म्हणतात. प्राध्यापकांना शिकवायला शिकवणं हे त्यांचं काम. स्वतः ते वर्गावर गेले चार वर्षं, तेही वीस वर्षांपूर्वी. मुलं तक्रारअर्ज घेऊन थेट कुलसचिवांच्या दारात बसली, तेव्हा यांना उचलून प्रशिक्षण केंद्रात ठेवलं. ज्याची गाडी तीनदा भिंतीवर गेली, त्याला ड्रायव्हिंग स्कूल काढून द्यावं, तसं.

माणसाचं लक्ष दहा मिनिटंच टिकतं, असं त्यांनी कुठेतरी वाचलं. तेव्हापासून टेबलावर घंटी असते. ती वाजली की प्रत्येकाने शेजाऱ्याकडे वळून आत्ता काय शिकलो ते सांगायचं. साठीला टेकलेले विभागप्रमुख शेजाऱ्याला सांगतात, "काही नाही." शेजारी म्हणतो, "माझंही तेच." घंटीसर लांबून बघतात आणि खूश होतात, कारण ओठ हललेले असतात.

माझी लेक संख्याशास्त्र शिकवते. तिची नेमणूक कायम व्हायला या केंद्राचं प्रमाणपत्र लागणार होतं, महिनाअखेरीच्या आत. नाहीतर दोन वर्षांची नोकरी संपली. मी तिला रोज बजावायची, "बाई गं, तोंडाला कुलूप लाव. तीन आठवडे काढ."

ती गप्प राहिली, आणि नेमकं तेच नडलं. शेवटी प्रत्येकाला एक नमुना पाठ द्यावा लागतो. बाकीचे प्राध्यापक विद्यार्थी होऊन बसतात आणि घंटीसर वीस रकान्यांचा तक्ता घेऊन मागे. हिने फळ्यावर एक गणित लिहिलं आणि थांबली. सहा मिनिटं. लोक डोकं खाजवत होते, खोडत होते. भाषेच्या एका मास्तरांनी चुकीचं उत्तर दिलं. ही म्हणाली, "असं का वाटलं तुम्हाला?" ते सांगता सांगता त्यांची चूक त्यांनाच सापडली. शाळेपासून गणिताला भ्यायलेला माणूस, टाळी वाजवून हसला म्हणे.

घंटीसरांनी शेरा लिहिला : शिक्षिका सहा मिनिटे निष्क्रिय. अनुत्तीर्ण.

विचार करणाऱ्या माणसासाठी त्यांच्या तक्त्यात रकानाच नव्हता. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?

दुसऱ्याच दिवशी, लेकीला न सांगता, वर गेले. घंटीसर बनियनवर बसून कागद लावत होते.

"या वहिनी. मुलगी हुशार आहे हो तुमची, पण ऊर्जा कमी पडते. वर्गात शांतता म्हणजे शिक्षणाचा मृत्यू."

"तुमच्या हातात असेल तर बघा ना काही," मी म्हणाले. म्हणताना जीभ कडू झाली.

त्यांनी कागदांचा गठ्ठा पुढे सरकवला. त्यांचा शोधनिबंध, पदोन्नतीसाठीचा. विषय काय, तर त्यांच्याच प्रशिक्षणाचा परिणाम. आजवर असे अकरा झाले, हा बारावा. आकडे कुठून आणतात? शेवटच्या दिवशी कारकून प्रत्येकासमोर अभिप्रायाचा फॉर्म ठेवतो. वर नाव लिहायचं, फॉर्म भरून द्यायचा, मग तो प्रमाणपत्र देतो. सत्त्याण्णव टक्के लोकांनी 'उत्कृष्ट' लिहिलेलं. उरलेले तीन टक्के बहुधा वर नाव लिहिलंय हे विसरले असावेत.

"तिला म्हणावं, एवढे तक्ते नीट करून दे. दुसरं नाव तिचं घालू. तिचंही संशोधन होईल, आणि पाठाचंही आपण बघू काहीतरी."

मी गठ्ठा घेऊन खाली आले. लेकीने तो चाळला आणि माझ्याकडे असं पाहिलं की मला स्वयंपाकघरात जावंसं वाटलं.

"आई, हा आधी स्तुती लिहून घेतो, मग प्रमाणपत्र देतो, आणि निबंधात लिहितो की सगळ्यांनी आपणहून स्तुती केली."

"असू दे गं. नाव घाल आणि मोकळी हो. कोण वाचतंय?"

"नाव नाही घालणार."

तिने तक्ते केले मात्र, दोन दिवस बसून, चोख. मग वर निघाली. मी मागोमाग गेले. नोकरी जाताना निदान जवळ असावं म्हणून.

"सर, तक्ते झालेत. पण माझं नाव नको."

घंटीसरांनी चष्मा काढला. "नको? नक्की?"

"नक्की."

त्यांचा चेहरा असा उजळला, जसं लहान मुलाच्या वाट्याला दुसऱ्याचाही लाडू यावा. निबंधाचे लेखक दोन असले की पदोन्नतीचे गुण निम्मे होतात; एकटा असेल तर सगळे त्याचे. हे मला नंतर कळलं. "तुमची इच्छा! आपण कुणावर जबरदस्ती करत नाही," म्हणाले, आणि खणातून प्रमाणपत्र काढून तिथेच सही ठोकली.

"पाठ पुन्हा द्यायचा ना?" लेकीने विचारलं.

"अहो, ती फॉर्मॅलिटी आहे."

"तिसऱ्या पानावर एक वाक्य मी घातलंय सर. वाचून घ्या, नको असेल तर काढा."

"भाषा भारदस्त आहे ना?"

"आहे."

"मग राहू दे."

नेमणुकीचं पत्र त्याच आठवड्यात आलं. मी ते चारदा वाचलं, तारखेसकट. पुढच्या महिन्यात विद्यापीठाच्या सभागृहात घंटीसरांनी निबंध वाचला. लेक पाचव्या रांगेत होती. तिसऱ्या पानावर ते आले आणि खड्या आवाजात, योग्य जागी थांबत, वाचते झाले : "प्रमाणपत्र देण्यापूर्वी, नाव लिहून घेऊन मत मागितल्यामुळे, या आकड्यांवरून प्रशिक्षणाच्या दर्जाविषयी कोणताही निष्कर्ष काढता येत नाही." पाणी प्यायले, पान उलटलं, पुढे गेले. पहिल्या रांगेत कुलगुरू मान डोलावत होते. शेवटी टाळ्या झाल्या. घंटीसरांना बढती मिळाली. दारावर नवी पाटी लागली आहे, जिना चढताना दिसतेच.

"आणि कुणी काहीच नाही विचारलं?" मी लेकीला म्हटलं.

"विचारलं ना. मागून एकजण उठला. म्हणाला, पुढची तुकडी कधी आहे?"