लाभमावशी

लाभमावशी एकपासून कधीच मोजत नसत. पोरं असोत, पुऱ्या असोत की लिफ्टची वाट बघणारी माणसं, त्या पहिल्यावर बोट रोखून "लाभ" म्हणायच्या आणि मग दोन, तीन, चार. बार्शीला त्यांच्या वडिलांची धान्याची अडत होती. धान्याचं पहिलं माप टाकताना एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं, ही तिथली रीत. ती त्यांनी आधी ऑस्ट्रेलियात नेली आणि मग जर्सी सिटीत आणली. आमच्या इमारतीतले मराठी नवरे झाडून सगळे सॉफ्टवेअरमधले, म्हणजे शून्यापासून मोजणारे. त्यांना मावशींच्या मोजणीची भारी गंमत वाटे, आणि नावही त्यावरूनच पडलं. त्यांचं खरं नाव मला दोन वर्षांनी त्यांच्या टपालपेटीवर वाचून कळलं.

आम्ही २००३ साली पुण्याहून तिथे गेलो तेव्हा रेवा चार वर्षांची होती आणि ओम दीडचा. उन्हाळ्यात तीन-चार शनिवारी इमारतीतली कुटुंबं दोन व्हॅन करून समुद्रावर जायची. मावशींशिवाय कोणी निघत नसे. साठी उलटलेली, एकटी राहणारी बाई, पण सगळ्यांची पोरं त्यांच्या ताब्यात. सुती साडी, पायात पांढरे स्निकर्स, डोक्यावर कापडी टोपी अशा थाटात त्या वाळूत खुर्ची टाकून समुद्राकडे तोंड करून बसत. पाण्याला मात्र पाऊल लावत नसत. दर दहा मिनिटांनी मोजणी. मध्येच कोणी बोलायला गेलं की हात वर करून गप्प करायच्या.

"मोजताना बोलू नये गं," म्हणायच्या. "बोललं की माणूस हरवतं."

पहिल्याच सहलीला मी आइसकँडी आणायला निघाले तर त्या म्हणाल्या, "पंधरा आण."

"मावशी, मुलं चौदा आहेत."

"मी मोजलीत ना आत्ता? पंधरा."

मला वाटलं, त्यांना स्वतःला हवी असेल आणि सांगायला लाजत असतील. आणल्या पंधरा. चौदा वाटून झाल्यावर मावशींनी पंधरावीचा कागद सोडवला आणि ती खुर्चीशेजारी वाळूत रोवून ठेवली. उन्हात ती विरघळली, वाळूवर लाल ओघळ पसरला आणि मावशी शांतपणे पुढची मोजणी करू लागल्या. "एकानं चुकतात यार, आमच्या कोडिंगमध्ये ही रोजची चूक आहे," असं म्हणून मकरंद, म्हणजे माझा नवरा, हसला. मीही हसले.

पण पुढच्या वर्षी ओम त्या रोवलेल्या कँडीला हात घालायला गेला, तेव्हा रेवाने त्याला मागे ओढलं.

"डोन्ट! ती त्याची आहे."

"कोणाची गं?" मी विचारलं.

"द वेट बॉय."

"अगं, इथे सगळीच पोरं ओली आहेत."

"हो, पण बाकीचे ड्राय होतात ना, आई."

मी मावशींकडे पाहिलं. त्यांनी ऐकलं होतं. त्यांनी टोपी जरा पुढे ओढून घेतली.

२००६ च्या थंडीत मकरंदला कंपनीने तीन महिन्यांसाठी सिडनीला पाठवायचं ठरवलं. आम्हीही बरोबर जाणार होतो. मी ते सांगायला मावशींकडे गेले तेव्हा त्या ताटात साबुदाणा निवडत होत्या. ऑस्ट्रेलिया म्हटल्यावर त्यांची बोटं ताटातच थांबली.

"सिडनीपासून चार तासांवर समुद्राकाठी एक गाव आहे," त्या म्हणाल्या. गावाचं नाव मी इथे लिहीत नाही. छान गाव आहे, त्याचा काही दोष नाही. "आमच्या यांची पहिली नोकरी तिकडे. चार कुटुंबं मिळून गेलो होतो सुट्टीला. नऊ पोरं. मोजायचं काम माझ्याकडे. आमचा नंदू सहा वर्षांचा होता. लाभ मी नेहमी त्याच्यावरच म्हणायची, घरचं माप पहिलं म्हणून. त्या दिवशी मोजली, नऊ भरली. मी मागे वळून डबे उघडले. सगळी जेवायला आली, हा आला नाही."

मी त्यांच्या शेजारी टेकले.

"दोनपासून पुढची आठ पोरं खरी होती गं. ती मी पाहिली होती. पण लाभ म्हणाले तेव्हा समोर त्याचं डोकं होतं का? की सवयीनं तोंडातून निघून गेलं आणि मी रिकामी वाळू मोजली? बत्तीस वर्षं तेच आठवतेय. आठवत नाही." त्यांनी ताट बाजूला सारलं. "सापडल्या फक्त चपला. तेव्हापासून वाळूत बसलं की पोरं एकानं जास्त भरतात. माझ्याच्यानं तिथे जाववत नाही. तू जा. पोरं घेऊन जा आणि माझ्यासारखं मोज. किती भरतात ते मला सांग."

मी हो म्हटलं. नाही म्हणायची माझी काय छाती होती!

जानेवारीत, तिथल्या ऐन उन्हाळ्यात, आम्ही त्या गावी गेलो. मकरंदच्या ऑफिसातलं एक नागपूरचं कुटुंब बरोबर होतं. त्यांची तीन मुलं, आमची दोन, एकूण पाच. गाव अगदी मुलांसाठीच वसवल्यासारखं. किनाऱ्याला लागून उंच सुरूची झाडं, घसरगुंड्या, लहानग्यांसाठी उथळ तळं, पोहायची जागा दाखवणारे लाल-पिवळे झेंडे आणि खुर्च्यांवर बसलेले जीवरक्षक. इथे कोणाचं काही वाईट होऊ शकतं यावर विश्वास बसला नसता. दुपारी वारा पडला. मुलं पाण्याच्या कडेला पाठमोरी बसून वाळूत खड्डा खणत होती. मी उभी राहिले आणि बोटाने मोजलं. लाभ, दोन, तीन, चार, पाच.

बरोबर पाच. मला हायसं वाटलं, आणि खरं सांगायचं तर जरा वाईटही वाटलं. एवढ्या लांब येऊन मावशींना काय सांगायचं?

तेवढ्यात मागून कोणीतरी माझा कुर्ता ओढला. रेवा होती. हातात अर्धं खाल्लेलं आइसक्रीम.

"कुठे होतीस तू?"

"बाबांबरोबर. आइसक्रीमच्या गाडीला केवढी लाइन होती, आई! ट्वेंटी मिनिट्स!"

मी वळून पाहिलं. खड्ड्याभोवती चार मुलं होती. त्यानंतर मी त्या चौघांना पाण्यापासून अक्षरशः ओढून आणलं आणि कोणाला काही न सांगता सामान आवरायला घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मावशींना फोन लावला.

"पाच भरली, मावशी. पण रेवा त्यांच्यात नव्हती."

त्यांनी विचारलं, "लाभ म्हणालीस तेव्हा समोर डोकं होतं?"

मी डोळे मिटले. खड्डा दिसला, पाठी दिसल्या. सवयीने पुटपुटले होते की पाहून? मला मावशींचा श्वास ऐकू येत होता.

"होतं," मी म्हणाले. "ओलं. पाठमोरं."

हे मी आठवून सांगितलं की त्यांना बरं वाटावं म्हणून, ते मला आजही ठरवता आलेलं नाही.

"म्हणजे मी रिकामी वाळू मोजली नव्हती," मावशी म्हणाल्या, आणि फोनवरच रडल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना रडताना कधी ऐकलं नव्हतं.

पुढच्या हिवाळ्यात मावशी गेल्या. झोपेतच, कोणाला काही त्रास न देता. त्यांची घडीची खुर्ची माझ्याकडे आहे. पण त्याआधीच्या उन्हाळ्यातली एक गोष्ट मी त्यांना सांगितली नाही.

त्या वर्षीही समुद्रावर चौदाच मुलं होती. मावशींनी मोजली आणि म्हणाल्या, "चौदाच आण गं आज." मग त्यांनी स्निकर्स काढले, मोजे घडी करून त्यात ठेवले आणि साडी जरा उचलून धरत चालत पाण्यापर्यंत गेल्या. घोट्याएवढ्या पाण्यात उभ्या राहिल्या. इतक्या वर्षांनी पहिल्यांदाच! आजूबाजूला पोरं उड्या मारत होती आणि मावशी हसत होत्या. माझे डोळे भरून आले. मी त्यांच्या खुर्चीत बसले आणि डोळे पुसून मुलं मोजली. मध्ये कोणी बोललं नाही. दोनदा मोजली. लाभ म्हणताना या वेळी नीट पाहिलं. मग उठून कँड्या घेऊन आले.

मावशी ओल्या पायांनी परत आल्या. "मी तरी विश्वास कसा ठेवू माझ्या मोजण्यावर," हसत म्हणाल्या, "तू मोजलीस का? किती भरली?"

"चौदा, मावशी," मी म्हणाले, आणि पंधरावी आइसकँडी त्यांना दिसणार नाही अशी खुर्चीमागे वाळूत रोवली.