अक्कांनी रिबन मिटवली

"हात घातला की डबा गावला पायजे," असं अक्का म्हणायच्या, आणि ते स्वयंपाकघराबद्दल नसायचं. पेठ वडगावच्या वाटेवरच्या आमच्या सूतगिरणीत त्या टायपिस्ट म्हणून लागल्या आणि नव्वदच्या दशकात टाइपरायटर गेला तशा कॉम्प्युटरवर बसल्या. पडद्यावरच्या टूलबारची बटणं त्यांनी ओढून आपल्या सोयीनं मांडली होती. कहर म्हणजे मॉनिटरच्या काचेवर, प्रिंटच्या बटणाशेजारी, एक टिकली. आम्ही हसलो की म्हणायच्या, "हसा. चष्मा घरात राहिला की तुमी छापून देणार हाय काय?"

अशी माणसं तुमच्याही ऑफिसात असतील.

पुढच्या दशकात नवे कॉम्प्युटर आले, आणि टूलबारच्या जागी आली रिबन. रुंद पट्टी, तिच्यावर कप्पे, कप्प्यांत बटणं. दोन पेठांच्या फुटबॉल सामन्याला पडतात तसे ऑफिसात दोन तट पडले. मी रिबनवाला. सगळं नावानिशी समोर दिसतं, आणखी काय पाहिजे?

"डोळ्यास्नी दिसतंय रं," अक्का म्हणायच्या, "हाताला गावत न्हाय."

नव्या मॉनिटरवरही त्यांनी टिकली जुन्याच जागी लावली. हात सवयीनं तिकडं गेला, पण तिथं आता अक्षरांना रंग द्यायचं बटण होतं. बैठकीची नोटीस छापली जायच्या ऐवजी लालभडक झाली, आणि नेमके मागं नवे मॅनेजर उभे.

"अक्का, वार्षिक सभेचा अहवाल वेळेत पाहिजे," ते म्हणाले. "जमत नसेल तर तुम्ही आवक-जावकला बसा. इथं दुसरं कोणी बघू."

त्या दुपारी अक्कांनी डबा उघडलाच नाही. "माझी खुर्ची जाती काय रं?" एवढंच त्यांनी मला विचारलं. मी रिबनवाला खरा, पण माझा डबा त्यांच्यापुढं सरकवला.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून त्या दिसेल त्या बटणावर माऊसचं उजवं बटण दाबत सुटल्या. "इचारल्याबिगर कोण सांगतंय?" जेवणाच्या सुट्टीआधी त्यांनी मला हाक मारली. प्रत्येक बटण रिबनच्या वर कोपऱ्यात असलेल्या छोट्या पट्टीवर घ्यायची सोय त्यांना गावली होती. त्यांनी आपली बटणं वेचून घेतली, ती पट्टी रिबनच्या खाली आणली आणि शेवटी चटई गुंडाळावी तशी अख्खी रिबन मिटवून टाकली. टिकलीही पट्टीवरच्या प्रिंटपाशी सरकली.

अहवाल मुदतीच्या आधी मॅनेजरांच्या टेबलावर गेला. ते उठून अक्कांच्या पडद्याशी आले.

"रिबन कुठं गेली?"

"हाय की, साहेब. मिटलीया. लागली तर उलगडतो."

त्यांनी पट्टीवरचं एक बटण दाबून पाहिलं. मग हळूच म्हणाले, "माझ्याकडंही असंच लावून द्या."

मग काय विचारता. संध्याकाळपर्यंत सगळं ऑफिस अक्कांच्या मागं लागलं होतं, आणि अक्का राणीसारख्या टेबलाटेबलावर रिबनी मिटवत फिरत होत्या. भेळ मागवली ती मॅनेजरांनी. मी भेळ खाल्ली, पण रिबन सोडली नाही.

"ऱ्हाऊ दे तुझी," अक्का म्हणाल्या. "ज्येचा हात त्येला ठावं."

आवक-जावकचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. अक्का निवृत्त झाल्या त्या त्याच खुर्चीवरून. त्यांच्या जागी आलेल्या मुलीनं कॉम्प्युटर सुरू केला आणि विचारलं, "ही बटणं कुणी लावलीत? काढून टाकू?"

आधी तोंड उघडलं ते मी, रिबनवाल्यानं.

"हात लावू नको," मी म्हणालो. "अक्कांची मांडणी हाय ती."