अनुष्टुभात चिवचिवणारी गाडी : नागपूर ते तामिया आणि परत

सर्वप्रथम एक तक्रार. ज्या विलायती कंपनीने थांबलेली गाडी पाच सेकंदांत शंभराच्या वेगावर नेण्याची विद्या साध्य केली, तिला चहाचा थर्मास ठेवायला जागा करण्याची बुद्धी झाली नाही. दोन माणसं, दोन सीटबेल्ट आणि मधे गिअरचा दांडा, एवढाच त्या गाडीचा संसार. परिणामी नागपूर ते तामिया, जाऊन-येऊन साडेतीनशे किलोमीटर, मी थर्मास मांडीवर घेऊन बसलो, बारशाला निघालेल्या आत्याबाईसारखा. याची कुठेतरी नोंद राहावी म्हणून लिहिलं. आता प्रवासाकडे वळू.

गाडी आमची नव्हे. लाल रंगाची, दोन जणांची, सहा सिलिंडरची, वीस वर्षं वयाची ही पेट्रोल स्पोर्ट्स कार आमच्या ओळखीच्या एका डॉक्टरांची. तिची देखभाल पहिल्यापासून विन्याकडे. विन्या म्हणजे माझा शाळासोबती विनायक. दहावीनंतर मी संस्कृत पाठशाळेत गेलो आणि तो गॅरेजात. त्यामुळे आज मनीषनगरात त्याचं स्वतःचं गॅरेज आहे आणि माझ्याकडे सुभाषितं आहेत.

विन्याची ख्याती कानाची. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटून रोग सांगायचा. हल्ली तो इंजिनावर नुसता तळहात ठेवतो. मला वाटलं, सिद्धी प्राप्त झाली.

तर झालं असं, की गाडी बनवणाऱ्या कंपनीने यापुढे नव्या गाड्या विजेच्याच काढायचं जाहीर केलं. डॉक्टरांनी विजेची नोंदवली आणि लाल गाडी पुण्याच्या एका हौशी माणसाला दिली. सोमवारी ती ट्रकवर चढायची होती. "तोवर दोन दिवस फिरवून आणा," डॉक्टर विन्याला म्हणाले. त्याच सोमवारी विन्यालाही एक फॉर्म भरून द्यायचा होता. नव्या गाडीला हात लावायचा असेल तर पुण्याला सहा आठवड्यांचं प्रशिक्षण सक्तीचं. ज्याने ते केलं नाही त्याने लांबून नमस्कार करावा. विन्याचं वय बावन्न.

"तू चाल संग, पंडित," विन्या म्हणाला.

"मला गाडीतलं काय कळतं?"

"तेच पाहिजे मले."

या उत्तराचा अर्थ मला सिल्लेवानीच्या घाटात कळू लागला.

शनिवारी सकाळी सहाला तर्री-पोहे खाऊन निघालो. जाणाऱ्यांसाठी सूचना : सावनेरपर्यंत रस्ता चांगला, पण कोळशाचे ट्रक भरपूर. साध्या गाडीतून ट्रक दिसतो. या गाडीतून ट्रकच्या चाकाचे नट दिसतात, तेही मान वर करून. मी अर्धा प्रवास अशा नटांकडे पाहत पाय आखडून केला. गतिरोधक आला की विन्या गाडी तिरकी करून एकेक चाक असं चढवायचा, जसा एखादा सोवळ्यातला माणूस ओल्या अंगणातून जातो. तरी खालून कर्रर्र व्हायचं आणि मी थर्मास उचलून धरायचो.

सावनेरला पेट्रोल भरताना चार जण जमले. त्यांपैकी एकाने गाडीभोवती प्रदक्षिणा घातली.

"काय मायलेज देते गा, भाऊ?"

"सात," विन्या म्हणाला.

त्याने बोटांवर हिशेब केला. "मंग घेतली काहून?"

"माही नाही."

"हां, मंग ठीक आहे," तो म्हणाला, आणि त्याच्या चेहऱ्यावरची काळजी ओसरली.

सौंसरपर्यंत दोन्ही बाजूंना संत्र्याच्या बागा. विन्या मात्र दर दहा मिनिटांनी एकच प्रश्न विचारत होता : "आवाज कसा येऊन राहिला?" मला वाटलं, तो शिष्याची परीक्षा घेतोय. मीही गंभीरपणे सांगत होतो, की आता मंदाक्रांता चाललीय, आता चढ आला तशी शार्दूलविक्रीडितावर गेलीय. त्याला हसू यायचं. "खरं सांग गा," तो म्हणायचा, आणि खरंच कान देऊन माझं ऐकायचा. माझं वृत्तांवरचं बोलणं इतकं लक्ष देऊन आजवर कोणी ऐकलं नव्हतं. मी सुखावलो.

सौंसर सोडलं की पुढे सिल्लेवानीचा घाट. सागाचं जंगल, वळणावर वळण. विन्याने तिसरा गिअर टाकला आणि गाडी अशी काही गर्जली की उतरून येणारा एक मोटरसायकलवाला आदराने कडेला थांबला. भीती वाटत होती, पण बरंही वाटत होतं. त्या गर्जनेच्या खाली मला बऱ्याच वेळापासून एक बारीक चिवचिव ऐकू येत होती.

"आवाज कसा येऊन राहिला?"

"फार छान. शिवाय कुठलंसं पाखरू संगत करतंय. सौंसरपासून आहे."

विन्याचा हात गिअरवर थबकला. "नेमानं बोलते, का आडवंतिडवं?"

मी मोजलं. "नेमाने. आठ ठोके, मग एक चिव. पुन्हा आठ. अनुष्टुभ आहे, चरणाला आठ अक्षरं."

त्याने पाय दाबला. इंजिन वाढलं. "आता?"

"तेच. पण जलद."

विन्याने गाडी कडेला घेऊन बंद केली. "पाखरू अनुष्टुभात बोलत नाही, येड्या," तो म्हणाला.

बॉनेट उघडून त्याने पट्टा ताणून धरणारी एक पुली हाताने फिरवली. तिचं बेअरिंग कोरडं पडलं होतं. आणखी वीस-तीस किलोमीटरमध्ये ते अडकलं असतं, पट्टा तुटला असता आणि घाटात इंजिन तापून बसलं असतं. तिथे मोबाइलला रेंजही नव्हती. विन्याने थोडं ग्रीस लावलं. मग इंजिन चालू करून तो माझ्याकडे पाहत राहिला.

"गेला का?"

"कमी झाला. आहे अजून." मी म्हटलं, "अरे, इतका स्पष्ट येतोय."

त्याने बॉनेट लावलं. मला पुढचा प्रश्न विचारायचा धीर झाला नाही. छिंदवाड्यापर्यंतची वाट आम्ही चाळीसच्या वेगाने काढली. सात-आठ वेळा तरी त्याने "आहे का?" विचारलं आणि मी "आहे" म्हटलं. कुठल्याही स्तोत्राचं इतक्या भीतीने श्रवण मी केलेलं नाही.

छिंदवाड्यात बसस्टँडजवळ मूगडाळीचे मंगोडे खा, हिरव्या चटणीसोबत, चाळीस रुपयांत दोघांचं भागतं. तिथून जवळच एक बेअरिंगचं दुकान सापडलं. दुकानदाराने जुन्या बेअरिंगवरचा नंबर वाचला आणि फळीवरून तसंच एक काढून दिलं.

"किस चीज का है?" त्याने विचारलं.

विन्याने बाहेर बोट दाखवलं. दुकानदाराने लाल गाडी पाहिली, मग हातातलं बेअरिंग पाहिलं. "यही आटा-चक्की में लगता है," तो म्हणाला.

विन्या पहिल्यांदा मोकळं हसला. "पाह्य, जोपर्यंत दुनिया पोळी खाऊन राहिली ना, तोपर्यंत या गाडीले मरण नाही." नव्या गाडीचं तसं नाही, हे त्याने रस्त्यात पुली बसवता बसवता सांगितलं. तिथे एखादा भाग बदलला तर कंपनीचा संगणक आधी विचारतो, की कोणी बदलला. त्याने ओळखलं नाही तर गाडी चालू होत नाही.

चारच्या सुमारास तामियाला पोचलो. हजार रुपयांत खोली मिळते, जेवणाचं आधी सांगून ठेवावं लागतं. मक्याची भाकरी आणि टमाट्याची चटणी मागा. दरी बघायला कड्यावर लोखंडी कठडा आहे. मला उंचीची भीती वाटते, म्हणून मी कठड्यापासून चार हात मागे उभा राहिलो. विन्या पुढे होता. मी त्याला दोनदा हाक मारली. त्याच्या उजव्या बाजूने. मग पुढे जाऊन डावीकडे उभा राहिलो.

"किती दिवसांपासून?" मी विचारलं.

"दोन वर्षं झाले. उजवा पुराच गेला. डाव्यानं बारीक आवाज येत नाही." तो दरीकडेच पाहत होता. "कानाचा डॉक्टर म्हणते, तीस वर्षं इंजिनं ऐकली, त्याचंच आहे."

"वहिनींना माहीत आहे?"

"तिले वाटते, मी मुद्दाम ऐकत नाही. लग्न झाल्यापासून वाटते, तं फरक पडला नाही."

"आणि गॅरेजात?"

त्याने तळहात दाखवला. "यानं ऐकतो. हादरा समजते. पण आजच्यासारखी चिवचिव हातात येत नाही."

म्हणजे सिद्धी वगैरे काही नव्हती. आणि मला सोबत आणलं होतं ते कान म्हणून. मी रागावल्यासारखं केलं. घाटात त्या सागाच्या झाडांमधून मी एका बहिऱ्या माणसाच्या भरवशावर गेलो होतो, आणि तो माझ्या.

"म्हणून तं पुण्याले जातो म्हणतो," विन्या म्हणाला. "विजेच्या गाडीत ऐकाचं कामच नाही. सगळं स्क्रीनवर येते. माह्यासारख्यासाठीच बनली समज."

मला ते पटलं. इतकं पटलं, की मी त्याला जोरात होकार दिला, डाव्या कानात.

रविवारी परतलो. उतारावर, सौंसरच्या अलीकडे रस्ता मोकळा मिळाला तेव्हा विन्याने एकदाच गाडी मनासारखी सोडली. तो आवाज लिहिता येत नाही. मी आठ-आठ अक्षरं मोजत होतो, कुठे चिव येते का म्हणून, आणि थर्मास छातीशी धरून होतो. विन्याचा डावा तळहात गिअरच्या दांड्यावर सैल पडला होता. तो तिथून ऐकत होता.

सोमवारी गाडी द्यायला गेलो तेव्हा डॉक्टरांच्या फाटकात नवी विजेची गाडी उभी होती. कंपनीची इंजिनिअर, पंचविशीची मुलगी, पुढचं झाकण उघडून डॉक्टरांना समजावत होती. आत नारिंगी रंगाच्या जाड वायरी. त्या रंगाचा अर्थ जबर दाबाची वीज, म्हणजे धोका. संत्र्याच्या गावात हा रंग धोक्याला दिला, यावर मला काहीतरी बोलायचं होतं, तेवढ्यात विन्या पुढे वाकला. तीस वर्षांची सवय. त्याने तळहात आत नेला, ठेवण्यासाठी.

"काका, हात मागे," ती ओरडली. ती त्याच्या उजव्या बाजूला होती.

त्याचा हात थांबला नाही. मी मनगट धरून मागे ओढला. वायरीवर जाड आवरण होतं, गाडी बंद होती, काही झालं नसतं, असं ती नंतर म्हणाली. विन्याही हसला. पण ती मुलगी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहत राहिली.

फॉर्म तिथेच भरला. विन्याचं अक्षर वाईट, म्हणून मी लिहायला बसलो. नाव, वय, अनुभव. खाली एक प्रश्न होता : ऐकण्यात काही अडचण आहे का?

"नाही लिही," विन्या म्हणाला.

मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने नजर फिरवली. मी 'नाही' लिहिलं.

लाल गाडी ट्रकवर चढून गेली. लोक मला विचारतात, अशा गाड्यांचं पुढे काय होणार. पुण्याचा तो माणूस तिला जपेल, आणि बेअरिंग चक्कीचं आहेच. तिची मला काळजी नाही.

विन्या येत्या रविवारी पुण्याला निघतोय. त्याची बायको माझा ब्लॉग वाचते, तो वाचत नाही, हे ठाऊक असूनच मी हे सगळं इथे लिहिलं. वहिनी, तो मुद्दाम दुर्लक्ष करत नाही. त्याला खरंच ऐकू येत नाही. तिथे कोणीतरी उजवीकडून ओरडेल, त्याचा हात आत असेल आणि मनगट धरायला कोणी नसेल, याची मला भीती वाटते. फॉर्मवरचं ते 'नाही' माझ्या अक्षरात आहे.