नळ दुप्पट, वेळ दुप्पट

माझी मुलगी आठवीत गणितात नापास झाली आणि फेरपरीक्षा आली. तीही गेली तर मैत्रिणी नववीत आणि ही तिथेच. आदल्या संध्याकाळी ऑफिसातून आचोळ्याला घरी पोचले, पर्स टाकली आणि चहासुद्धा न घेता तिला व्यस्त प्रमाण शिकवायला बसले.

मजुरांची गणितं ती झटकन सोडवायची. माणसं वाढली, दिवस कमी. नळ आले की मात्र गाडी घसरायची. तीन नळ एक टाकी बारा तासांत भरतात, तर तसेच सहा नळ किती तासांत भरतील? हिचं उत्तर चोवीस. समजावलं. पुन्हा चोवीस! चित्र काढून दाखवलं, तरी चोवीसच. माझं डोकंच फिरलं.

"अगं, डोकं आहे की खोकं? नळ वाढले तर वेळ वाढेल कसा?"

"वाढतो!" ती रडत ओरडली. "खालच्या सगळ्यांनी नळ सोडले की आपली बादली भरते का लवकर? रोज तूच बोंबलतेस ना बाथरूममधून!"

आमच्या सोसायटीत टाकीचा व्हॉल्व्ह सकाळी थोडाच वेळ उघडतात. अख्खी बिल्डिंग एकदम नळ सोडते आणि आम्हा वरच्या मजल्यावाल्यांना करंगळीएवढी धार. शाळेच्या गणवेशात बादल्या हीच भरते.

आता राग आला तो पुस्तकाचा. कुठे असतात हो असे नळ, कितीही सोडा, प्रत्येकाला भरपूर पाणी?

"हे बघ," मी म्हटलं, "पुस्तकातला प्रत्येक नळ आपापलं पूर्ण पाणी देतो, असं धरायचं. म्हणून नळ वाढले की वेळ कमी. आपल्याकडे सगळ्यांत मिळून तेवढंच पाणी. म्हणून नळ वाढले की धार कमी. अगं, पण हेही व्यस्त प्रमाणच की!" बोलता बोलता ते मलाच उमगलं.

तिने नाक पुसलं, चोवीस खोडले, सहा लिहिले.

"म्हणजे मला येत होतं?"

"येत होतं गं."

"मग बाई वर्षभर सगळ्यांसमोर मला ढ का म्हणाल्या?"

जीव नुसता जळला. तिला जवळ ओढलं, पण तोंडातून निघालं ते एवढंच, "उद्या पेपरात सहाच लिही, बाळा. आपल्या बिल्डिंगचं काही लिहू नकोस."