कुत्र्याला करंट लागला तेव्हा

शाळेत मी दुसरीपर्यंत गेलो. मास्तर म्हणाले, याला घरी ठेवा, बाकीच्यांचं बिघडतं. तर डोकं एवढंच.

अमळनेरच्या अलीकडे आमचं तीन बिघे रान. कुत्रा बायकोचा. सोनगीरला माहेरी गेली होती, तिथून पिल्लू पिशवीत घालून एसटीनं आणलं. माझ्यापेक्षा त्याच्यावर जीव जास्त. यात तिची चूक नाही.

त्या सकाळी मी हरभऱ्याला पाणी भरत होतो. मोटरची केबल बांधाबांधानं गेलेली, जागोजागी चिकटपट्टी. मागच्या साली शेजारच्या नानांचा बैल असल्याच केबलीला चिकटून मेला, म्हणून मनात धाक. कुत्रा पुढे हुंगत चाललेला, आणि एकदम थांबला. पुढचा एक पाय वर, शेपटी ताठ, तोंड बंद. हाक मारली, कानसुद्धा हलला नाही. नीट पाहिलं तर पायाशी केबल.

मी म्हटलं, संपलं. करंटनं धरला!

आता चिकटलेल्याला हातानं ओढायचं नाही, कोरड्या लाकडानं मारून सोडवायचं, हे बठ्ठ्या गावाला माहीत. मी तुऱ्हाटीची जाड काडी उचलली, डोळे मिटले आणि हाणली त्याच्या पाठीत.

कुत्रा केकाटला. त्याच्या नाकापुढच्या गवतातून भर्रकन पाच-सहा तित्तर उडाले, तसा मी मागच्या मागे सरीत आडवा.

बांधावरून नाना ओरडले, "का रे भो, कुत्राले का मारस?"

"नाना, करंट लागना त्याले!"

"येडा! लाईन तर कवळीच गयी!"

मी सरीत बघितलं. वीज जाऊन, पाणी थांबून बराच वेळ झाला होता. मी नुसता चिखलात उभा राहून दारं धरत होतो.

नानांना हसू आवरेना. म्हणाले, "तो तुले तित्तर दखाडी ऱ्हायना व्हता, आनि तू त्याले बक्षीस दिनं!" काही कुत्र्यांना ते जन्मतःच असतं म्हणे. पाखराचा वास आला की तिथंच उभं राहायचं, धन्याला दाखवायचं. पूर्वी अशा कुत्र्याला शिकारवाले मागून नेत. आता तित्तर मारायला बंदी. मग हा दाखवतो कशाला? आणि मला कशाला?

घरी बायकोनं ऐकून घेतलं आणि माझी भाकरी ताटातून उचलून कुत्र्याला घातली.

त्या दिवसापासून तो माझ्यासोबत रानात येईना. मी खाटेवर बसलो की उठून चुलीपाशी जायचा. बाजारातून शेव आणून टाकली, तर तिखटानं शिंकायला लागला. बायको म्हणाली, "मारी झालं, आते जहर बी देतस का?" मला वाटलं, गेला हा आपल्या हातातून. चूक मी केली हे त्याला सांगू कोणत्या भाषेत?

आठ-दहा दिवसांनी तुरीकडे निघालो तर तो मागून येताना दिसला. शंभर पावलं लांब. मी थांबलो की तोही थांबे. तुरीच्या कडेला आल्यावर तो आपला वळसा घालून पुढे गेला आणि तसाच थबकला, पाय वर.

पुढे जावं तर पाखरं उडतील, मागे फिरलो तर त्याला वाटेल याला किंमतच नाही. मी दोन्ही हात पाठीमागे घेऊन पुतळ्यासारखा उभा. किती वेळ, काय माहीत. शेवटी पाखरं कंटाळून आपली आपणच उडाली.

त्यानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. काहीतरी करायचं असतं त्या वेळी, धन्यानं. काय, ते मला कोणी सांगितलेलं नाही.

मी म्हटलं, "दखात रे भो मी तित्तर. चांगला मोठाला व्हतात."

तो आला. पायाशी नाही, चार हातांवर बसला आणि तोंड तुरीकडे केलं. मीही खाली बसलो, तिकडेच बघत.