विमलाकाकीची माटोळी

केरी गावात बोललं जायचं, की विमलाकाकीने गावच्या राखणदार देवचाराला रोट-विडीचा नैवेद्य देऊन नवऱ्याला घराबाहेर बांधून घातलंय. यशवंत अंगणाजवळ आला की त्याचे पाय जमिनीला चिकटतात.

देवचार बिचारा यात कुठेच नव्हता. वीस वर्षं मार खाल्ल्यावर काकी संरक्षण अधिकाऱ्याकडे गेली. घरगुती हिंसाचाराच्या कायद्याखाली अर्ज झाला, आणि कोर्टाने लिहून दिलं: घरात ती राहील, त्याने अंगणातसुद्धा पाऊल टाकायचं नाही. टाकलं तर तुरुंग. तो कागद काकीने लॅमिनेट करून देवाच्या तसबिरीमागे ठेवला.

शेजारची अकरावीतली गौरवी गावाचे आवाज काढायची: पाववाल्या पोदेराचा भोंपू, सरपंचाचं भाषण आणि यशवंतचा तो दारू प्यालेला खोकला. पोरं हसून लोळायची. काकीच्या हातून मात्र एकदा तांब्या निसटला होता.

चवथ आली. गणपतीच्या डोक्यावरची माटोळी, रानफळांनी लगडलेली लाकडी चौकट, घरच्या पुरुषाने बांधायची. दीर गोकुळदास आला.

"वयनी, एक दिवस येवं दे गो त्येका. देवाचा काम."

"देवाचा काम मी करतंय, भावजी. तुमी च्या घेवा."

तो गेल्यावर गौरवी हसली. "काकी, चवथीक तू त्येका आत घेतलंस बघ. लाव पैज!"

"लावली. हरलंस तर तो खोकलो परत काढूचो नाय."

चवथीच्या आदल्या दुपारी घर पिकल्या चिबडाच्या वासात पेंगुळलं होतं. काकी स्टुलावर उभी राहून कुमयाच्या रानझाडाच्या सालीने सुपारीचा घोस बांधत होती. गौरवी खालून एकेक फळ वर देई. तांबडी, पिवळी, हिरवी फळं डोक्यावर हळूहळू झुलत होती. घर पाण्याखाली गेलंय नि वरून होड्या चालल्यात, असं गौरवीला वाटत होतं.

गेटापाशी खोकला ऐकू आला.

"गौरवी, पुरे," काकी वर बघतच म्हणाली.

गौरवीचं तोंड मिटलेलंच होतं.

गेटाबाहेर यशवंत होता, हातात नारळ. "तुका माटोळी बांधूक जमाची नाय, विमल."

काकीचे हात थांबले. गौरवीला तो तांब्या आठवला. मग काकीने गाठ आवळली.

"नारळ घेवन जा. आत इलस तर कागद आसा, आणि पोलिसांचो नंबर ह्या पोरीक पाठ आसा."

त्याने पाऊल उचललं, ते मागे फिरायला.

काकीने माटोळीला हिसका देऊन बघितला. ती झुलली, आणि राहिली.

चवथीच्या संध्याकाळी पोरांनी गराडा घातला, "गौरवी, यशवंताचो खोकलो काढ गो!"

काकी पातोळ्या वाढत होती. गौरवीने तिच्याकडे पाहिलं, गाल फुगवले आणि पोदेराचा भोंपू वाजवला.